रांजणातला पखवाज

काकूंनी मला खोली दिली ती माझं तोंड न बघता. औषधांच्या एका कंपनीत, प्रयोगशाळेत, मी नवीनच लागले होते आणि मुलुंडला राहायला जागा शोधत होते. साताऱ्याहून आलेली, ओळखीचं कुणी नाही. कंपनीतल्या एकीनं फोन नंबर दिला आणि बजावलं, "आधी फोन कर गं. थेट गेलीस तर बाई दार उघडणार नाहीत." म्हणून बिल्डिंगसमोरच्या वाण्याच्या दुकानातून मी फोन लावला.

"बोला," पलीकडून आवाज आला.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, नोकरी सांगायला लागले.

"ते राहू दे. सातशे सत्त्याहत्तर म्हण."

"काय?"

"सातशे सत्त्याहत्तर. सावकाश."

म्हटलं. मग आठवड्याचे वार म्हणायला लावले. मग आईला हाक मारतेस तशी मार म्हणाल्या. मी वाण्याच्या गल्ल्यापाशी उभी राहून "आईऽ" अशी हाक मारली. वाणी डाळ तोलत राहिला. त्याला सवय असावी.

"हं," काकू म्हणाल्या. "खाली भरलेला आहे आवाज, वर जरा किरकिर आहे. चालेल. ये वर."

"आत्ता? मी कुठे आहे हे तुम्हाला..."

"समोर वाण्याकडे आहेस. पाववाल्याची घंटा फोनमध्ये वाजली तेव्हाच माझ्या गॅलरीत पण वाजली. ये."

अशी मी त्यांच्याकडे राहायला गेले आणि माझं लग्न होईपर्यंत तिथंच राहिले. माझं लग्नही त्यांनी असंच जमवू दिलं. मुलगा बघायला येणार म्हटल्यावर त्यांनी पहिली अट घातली, "आधी फोन करू दे त्याला." त्यानं बिचाऱ्यानं केला. काय बोलणं झालं देव जाणे, पण रिसीव्हर ठेवून काकू मला म्हणाल्या, "करून टाक. हा माणूस बोलताना वाक्य पुरं करतो. तसे फार नसतात."

काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होत्या. बाहेरगावी बोलायचं तर आधी कॉल बुक करा, मग फोनपाशी ताटकळत बसा, असे ते दिवस. मुंबईचं माणूस आणि नागपूरचं माणूस यांच्या मधोमध कानाला हेडफोन लावून काकू बसलेल्या असत. ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी अशीच काढली होती. चेहऱ्यावरून माणूस ओळखायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. त्यामुळे रस्त्यात कुणी हसून ओळख दाखवली तर त्या परक्यासारख्या बघत राहायच्या. त्यानं तोंड उघडलं की मग, "अरे, तू होय!"

पण नोकरीवर दिवसभर जे ऐकायचं ते सगळं खरखरीत, चिरकं, पाइपातून आल्यासारखं. एकदा मला म्हणाल्या, "लोक रडतात, हसतात, बारशाची बातमी देतात, आणि तारेतनं ते येतं कसं? पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखं. मला एकदा माणसाचा आवाज माणसासारखा ऐकायचा होता." म्हणून त्या घरी स्पीकर बांधत.

विकत घेत नसत, बांधत. हॉलमध्ये पंख्याच्या दोन बाजूंना दोन खोकी उभी होती, माझ्या खांद्यापर्यंत येणारी, तोंडावर जुनी व्हॉइलची साडी ताणून बसवलेली. पाहुण्यांना ती कपाटं वाटायची. एका मावशींनी तर त्यात ओली छत्री ठेवायला जागा शोधली होती. आत प्लायवूडच्या जाड फळ्या, लाकडी टेकू, मध्ये एक मोठा स्पीकर खालच्या आवाजासाठी, वर एक छोटा, बशीएवढा, बारीक आवाजासाठी. आणि पाठीमागे त्या दोघांत आवाजाची वाटणी करून देणारे तारांचे वेटोळे. एवढं मलाही त्यांच्याकडे राहून राहून कळायला लागलं होतं.

त्यांचा हात सारखा कुठेतरी टकटक करत असायचा. लाकूड, दार, बाकडं, कलिंगड, डॉक्टरांचं टेबल. लाकडाच्या वखारीत त्या गेल्या की माणूस न विचारता शिडी लावायचा, कारण पुढचा तासभर बाई एकेक फळी उभी करून बोटाच्या पेराने वाजवणार आणि कान लावून "ही बोलते... ही बोलते... ही गप्प आहे, ही दे" म्हणणार हे त्याला पाठ झालं होतं. खोकं गप्प हवं, असं त्यांचं म्हणणं. "खोकं स्वतः बोलायला लागलं की गाणाऱ्याचं कोण ऐकणार?"

खोक्याच्या आत कापूस भरावा लागतो. तो कापूस माझ्या गादीतून जायचा. मला पहिले काही महिने कळलंच नाही, नुसती पाठ दुखायची. शेवटी एकदा गादीची शिवण नव्या दोऱ्याची दिसली तेव्हा विचारलं. काकू जराही ओशाळल्या नाहीत. "तुझं वजन किती? तुला एवढा कापूस हवाय कशाला?"

लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ-पार्टच्या दुकानांतून त्या दर महिन्याला काही ना काही आणायच्या. आधीच्यापेक्षा मोठ्या लोहचुंबकाचा स्पीकर, नाहीतर जाड तारेची कॉइल, नाहीतर कुठल्या तरी मोडीत निघालेल्या यंत्रातला कपॅसिटर, जो म्हणे मिळतच नाही. आणून बसवला की दोन दिवस आनंद, आणि तिसऱ्या दिवशी कुरकुर सुरू. "घरात एक शहाणी सून आली की बाकीच्यांचा वेडेपणा दिसायला लागतो, तसं आहे हे," त्या म्हणायच्या. "आता हा चांगला झाला, तर तो वरचा उघडा पडला."

बारीक आवाज तपासायला त्यांनी एक कॅसेट तयार केली होती. तिच्यात फोडणी होती. स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर नेऊन, कढईजवळ माइक धरून त्यांनी एकदा मोहरीची आणि एकदा जिऱ्याची फोडणी टेप केली होती. नवा पार्ट बसवला की ती लावायची आणि घरात जो असेल त्याला विचारायचं, "मोहरी की जिरं?" ओळखता आलं तर पार्ट पास. एकदा मी "हिंग" म्हणून थट्टा केली तर त्या खरंच पुन्हा टेप मागे फिरवून ऐकायला बसल्या.

आणि ह्या सगळ्यात खुर्ची मधोमध ओढून बसायचे काका. काकूंचे यजमान.

काका मूळ मालवणकडचे, काकूही तिकडच्याच. काका लालबागच्या एका गिरणीत लूमखात्यात होते, म्हणजे मागावर. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. मी राहायला आले तोवर काका घरीच होते. भाजी आणायचे, दूध आणायचे, मासे असे निवडायचे की कोळीण त्यांच्याशी घासाघीस करत नसे. बोलणं अगदी कमी. एके काळी लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळात ते बुवांच्या, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या, साथीला पखवाज वाजवायचे असं काकूंनी सांगितलं होतं. पखवाज अजून होता, कपाटावर, गोधडीत गुंडाळलेला. संपानंतर मंडळ पांगलं, काहीजण गावी गेले, असं काका सांगायचे आणि विषय तिथंच संपायचा.

काकूंनी नवा पार्ट बसवला की काका मधल्या खुर्चीवर बसत, मान किंचित कलती करत आणि थोड्या वेळाने म्हणत, "झकास!" कधीही दुसरं काही नाही. काकूंना तेवढं पुरायचं. मला वाटायचं, काय नशीबवान बाई आहे. माझ्या बाबांनी आईच्या एखाद्या छंदाला एवढा वेळ दिला असता तर?

एकच गोष्ट खटकायची. रत्नागिरीला दिलेल्या मुलीचा फोन आला की काका म्हणायचे, "तूच बोल." काकू रिसीव्हर पुढे करायच्या, ते हात हलवायचे आणि पिशवी घेऊन खाली जायचे. काकूंना वाटायचं, लाइन खराब आहे म्हणून वैतागतात. त्यांनी खात्यात ओळख लावून घरचा फोन दोनदा बदलून घेतला होता.

काकूंच्या ह्या वेडात त्यांना एकच खरा साथीदार होता, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक इंजिनियर. राहायचा पार्ल्याला. पार्टच्या दुकानात एकाच स्पीकरला दोघांनी एकदम हात घातला होता, तिथपासूनची ओळख. सडपातळ, चष्मा, आणि खिशात नेहमी गणित केलेला कागद. खोक्याची लांबी-रुंदी तो मांडून द्यायचा, काकू ती कानाने दुरुस्त करायच्या.

"काकू, हे गणितात बसत नाही."

"खोक्यात बसतंय ना?"

"बसतंय, पण..."

"मग गणित पुन्हा कर."

आणि तो खरंच करायचा. पुष्कळदा त्याचंच बरोबर निघायचं, आणि तेव्हा काकू त्याला जास्तीचा एक घावणा वाढायच्या. माघार त्या तोंडानं कधी घेत नसत, तव्यावरून घेत.

एकदा त्याच्या मेहुण्याने आखातातून परदेशी स्पीकर आणले. छोटे, काळे, चकचकीत. इंजिनियर म्हणाला, "काकू, होऊन जाऊ दे. तुमचे आणि हे. पडद्यामागे ठेवू, म्हणजे कुणाची बाजू घ्यायला नको."

काकूंना एवढंच हवं होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये दोरी बांधली, तिच्यावर चादर टाकली. शेजारचं गुजराती जोडपं, खालच्या मजल्यावरचे मास्तर, मी आणि काका, असे आम्ही ओळीनं बसलो. काका नेहमीप्रमाणे मधोमध. चादरीमागे काकू आणि इंजिनियर. सुरू करायच्या आधी काकूंनी चादरीवरून डोकं काढून हुकूम सोडला, "सगळ्यांनी डोळे मिटायचे. शेजारच्याचं तोंड बघून मत द्यायचं नाही. घट्ट मिटा. कोण उघडतंय ते मी बघतेय."

आम्ही मिटले. आधी भजन लागलं, एकदा ह्यांच्यावर, एकदा त्यांच्यावर. पसंत असेल त्याला हात वर करायचा. मग बातम्या. मास्तर आणि शेजारीणबाई पहिल्याला, शेजारी दुसऱ्याला, मी दोन्ही वेळा दुसऱ्याला. मजा येत होती. पुढच्याला काकू म्हणाल्या, "आता फोडणी. मोहरी की जिरं ते सांगायचं."

तडतड सुरू झाली. इतकी खरी की मला वास आल्यासारखं वाटलं. शेजारीणबाई लगेच म्हणाल्या, "राई, राई!" मास्तर म्हणाले, "मोहरीच." मीही मोहरी म्हटलं. फोडणी चालूच होती, कढईत मोहरी उड्या मारत होती.

आणि तेवढ्यात काका मोठ्यानं म्हणाले, "गो, लाव मगे आता! किती वेळ?"

मी डोळे उघडले. काका सरळ बसले होते, डोळे प्रामाणिकपणे घट्ट मिटलेले, हात मांडीवर, वाट बघत. समोर मोहरी तडतडत होती.

शेजारी हसले. त्यांना विनोद वाटला. मास्तरही हसले. चादरीमागून टेप बंद झाल्याचा खट्ट आवाज आला, आणि काकू बाहेर आल्या. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी डोळे उघडले, आमची तोंडं बघितली, काकूंचं बघितलं, आणि घाईघाईनं म्हणाले, "झकास!"

कुठले स्पीकर जिंकले ते कुणी विचारलं नाही. काकूंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. इंजिनियरानं मुकाट्यानं आपले काळे स्पीकर खोक्यात भरले आणि जाताना दारात मला हळूच म्हणाला, "त्यांना कळलं नव्हतं का इतके दिवस?"

नव्हतं. नागपूरच्या माणसाचा घसा बसलाय हे मुंबईत ओळखणाऱ्या बाईला नव्हतं कळलं. मला राग आला होता इंजिनियरचा, आणि काकूंचाही आला होता. मग वाटलं, कळणार कसं? काका काकूंच्या तोंडाकडे बघत बोलायचे. घरात काकूंचा आवाज त्यांना ओठांवरून पाठ होता.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत होते. दोघं स्वयंपाकघरात. त्या घरात हळू बोलायची पद्धत नव्हतीच.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

काकांनी फळीवरून डबा काढल्याचा आवाज आला.

"मी विचारतंय, कधीपासून आयकाक येणा नाय?"

"सगळा जाता असा नाय," काका म्हणाले. "ढोल आयकाक येता. ट्रक येता. तुझा येता, तू समोर असलंस काय. बारीक काय ता येणा नाय. चिमणी नाय, शिटी नाय. चेडवाचो फोन नाय. नुसतो वारो येता." चेडू म्हणजे मुलगी. मग म्हणाले, "लूमखात्यात सगळ्यांचा असाच आसा. माग काय कमी वराडतत? आमी तिथे हातवाऱ्यांनीच बोला होतो."

"आणि माका सांगूक काय झाला?"

"तू येवढ्या हौशेन करतंस. नवो पार्ट बसवलंस काय तुझा तोंड असा उजळता. माका ताच दिसा. ता बघलंय, काय झकास म्हणतंय. खोटा नाय बोललंय."

मग काकूंचा आवाज आला, मोठा, आणि फाटलेला. "म्हणजे पखवाज त्यासाठी बंद केलात? मंडळ पांगला म्हणून नाय?"

"बुवाचे शब्दच कळनत नाय तर ठेको खय देऊचो? दोनदा चुकलंय. लोकांनी सांभाळून घेतल्यानी. तिसऱ्यांदा मी गेलंयच नाय."

त्यानंतर पंधरवडाभर घरात खोकी बंद होती. काकू ड्यूटीवर जात, येत, जेवत. कशावर टकटक नाही. मला ते घर परकं वाटायला लागलं. एकदा न राहवून मी म्हटलं, "काकू, एवढे चांगले स्पीकर झालेत, लावा ना काहीतरी."

"कुणासाठी?" त्या म्हणाल्या.

पण गप्प बसणं हा काही त्यांचा स्वभाव नव्हता. त्या काकांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी तपासून कागदावर आलेख काढून दिला, आणि सांगितलं की कानाच्या आतले तंतू गेलेत, ते परत येत नाहीत. मशीन दिलं. त्या काळचं मशीन म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि तिच्यातून कानापर्यंत वायर. काकांनी ते लावून भाजीबाजारात एक फेरी मारली, घरी आले आणि काढून टेबलावर ठेवलं. "गिरण परत खिशात इली गो," म्हणाले. सगळंच वाढत होतं, हॉर्न, भांडी, पंखा. हवं तेवढंच काही वाढत नव्हतं.

काकूंनी मशीन बाजूला सारलं आणि डॉक्टरांचा आलेख टेबलावर पसरला. इंजिनियरला फोन करून बोलावून घेतलं. तो आला तेव्हा बाई कागदावर बोट ठेवून बसल्या होत्या. आलेखाची रेघ डावीकडे, खालच्या सुरांपाशी, बरी सरळ चालत होती आणि मध्यावर आल्यावर कड्यावरून उडी मारल्यासारखी खाली कोसळत होती.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत माणूस शाबूत आहे. बरोबर?"

"बरोबर."

"आणि मी इतकी वर्षं ह्याच्या पलीकडे पार्ट बदलत बसले. फोडणी ऐकवत बसले! इथपर्यंत कान आहे ना? मग इथपर्यंतच बांधायचं. वरचा छोटा स्पीकर नकोच. खालचं जेवढं आहे तेवढं स्वच्छ, जाड, भरपूर द्यायचं. बुवाच्या गळ्यातला खर्ज ह्यात बसतो की नाही सांग."

इंजिनियरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पुरुषाचा आवाज असेल तर सूर बसतो. शब्द धूसर येतील. पण काकू, दुसऱ्या कुणाला हे ऐकवणार नाही. गोधडीत तोंड घालून गायल्यासारखं वाटेल."

"दुसऱ्या कुणासाठी नाहीच आहे."

ह्या वाक्याला त्या माणसाने दिलेलं उत्तर मला आवडलं. त्यानं खिशातला कागद काढला आणि पेन मागितलं.

प्लायवूड नको, असं ह्यावेळी काकूंनीच ठरवलं. आवाज जेवढा खालचा तेवढी लाकडाची थरथर जास्त, आणि तेवढं जड खोकं हॉलमध्ये मावेना. त्या एका रविवारी कुंभाराकडे गेल्या आणि हातगाडीवर दोन रांजण घेऊन आल्या. पाणी साठवायचे, पोट सुटलेले, जाड मातीचे. एक वाटेतच तडकला. उरलेल्याच्या तोंडावर लाकडाची गोल चकती, चकतीत त्यांच्या उभ्या खोक्यातला सगळ्यात मोठा, सगळ्यात लाडका स्पीकर. तो काढताना त्यांचा हात थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. स्क्रूड्रायव्हर फिरत राहिला. फटी बुजवायला स्कूटरची जुनी ट्यूब कापून लावली. आत कापूस. माझ्या गादीतून, अर्थात. ह्या खेपेला मी स्वतः उसवून दिला आणि चटईवर झोपायला लागले.

पहिल्या दिवशी रांजण नुसता घुमला. विहिरीत बैल हंबरावा तसा आवाज. शेजारीणबाई धावत आल्या. इंजिनियर गणित पुन्हा करत राहिला, काकू कापूस कमी-जास्त करत राहिल्या, मागे भोक पाडून त्यात पाइपाचा तुकडा बसवला, तो लांब केला, आखूड केला. काकांना मधल्या खुर्चीवर बसवायचं बंद केलं होतं. त्यांना रांजणाशेजारी पाटावर बसवलं, तळवा रांजणाच्या पोटावर ठेवायला सांगितला.

आणि एक दिवस जुन्या मंडळाची कॅसेट लावली. कुणीतरी चाळीत टेप केलेली, पखवाज स्वतः काकांचाच, तरुणपणचा. मला काय ऐकू आलं सांगते: भिंतीपलीकडे कुणीतरी कोंडलं गेलंय आणि आतून धक्के मारतंय. बस. पण काकांचा दुसरा हात मांडीवर हलायला लागला. आधी एक बोट, मग पंजा. डोळे त्यांनी आपणहून मिटले. मध्येच म्हणाले, "हय बुवा वर गेलो." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मला काही कळलं नव्हतं, पण काकू मान डोलावत होत्या. बुवा खरंच वर गेला होता.

कॅसेट संपल्यावर काका म्हणाले, "माझो हात तेव्हा लय घायीत चला होतो." आणि लगेच, "तो डाव्या हाताचो धूम बरोबर नाय लागलो." इतकी वर्षं ज्या माणसाच्या तोंडी एकच शब्द होता, तो स्वतःच्या वाजवण्यातल्या चुका काढत होता. काकू रडल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "सांगा. सगळ्या चुका सांगा."

फोनचंही त्यांनी बघितलं, पण ते पार्ट बदलून नाही. मुलीला त्यांनी फोनवर नीट शिकवलं, जसं नव्या ऑपरेटर मुलींना शिकवायच्या. "खालच्या सुरात बोल, एकेक शब्द तोडून, ओरडू नकोस. ओरडलीस की आवाज वर जातो, आणि वर गेला की गेला." काका रिसीव्हर धरून उभे राहिले, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मग म्हणाले, "हां... हां... खय? दापोलीक?... बरा, बरा." फोन ठेवून आम्हाला सांगितलं, "जावई दापोलीक बदली घेता." आम्ही तिघांनीही त्या जावयाच्या बदलीचा एवढा आनंद केला की त्याला कळलं असतं तर त्याने रद्द करून घेतली असती.

त्या वर्षीच्या गणपतीत सोसायटीत भजन ठरलं. भांडुपचे बुवा, त्यांचं मंडळ. काकूंनी परस्पर सांगून टाकलं की पखवाजाला आमच्या घरचे बसतील. काकांनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. कपाटावरचा पखवाज मात्र खाली आला. गोधडी निघाली, कातड्यावरची काळी शाई नवी भरून आणली, चामड्याच्या वाद्या ताणल्या.

भजनाच्या संध्याकाळी बिल्डिंगचा जिना उतरून रांजण मंडपात आला. सेक्रेटरी साहेब आडवे आले. "हे काय? लाउडस्पीकर आहेत ना मंडपात!"

"ते तुमच्यासाठी. हा त्यांच्यासाठी," काकू म्हणाल्या.

"अहो, पण हा काय भसाडा आवाज! मी आत्ता ऐकला. एवढी मोठी तुमची ख्याती, आणि हे?"

"हा मी बांधलेला सगळ्यात चांगला आहे," काकू म्हणाल्या, आणि त्यांना हाताने बाजूला सारून वायर ओढत पुढे गेल्या.

रांजण काकांच्या डाव्या मांडीला टेकवून ठेवला. बुवांच्या पुढ्यातल्या माइकची एक तार इंजिनियरने ॲम्प्लिफायरवरून त्यात दिली होती. पहिला अभंग संथ होता. काका बुवांच्या ओठांकडे बघत, सावधपणे, पायरी चाचपत उतरल्यासारखे वाजवत होते. काकू मंडपाच्या खांबाला धरून उभ्या. दुसऱ्याला बुवांनी लय वाढवली. वाढवत नेली. मालवणी बुवा पखवाजवाल्याला असं डिवचतातच. काकांनी बुवांकडे बघणं सोडलं, मान खाली घातली, मांडी रांजणाला घट्ट लावली आणि हात सोडले. बुवा थांबले तिथं पखवाज थांबला. बुवांनी पुन्हा उचललं तिथं पखवाज आधीच उभा होता. मंडपात कोणीतरी "वाऽऽ" म्हणून ओरडलं. काका हसले. ते त्यांना ऐकू आलं की दिसलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा स्वतः घरी आले, बरोबर त्यांचा झांजवाला. तोही जुना लूमखात्यातला. तो दारातच काकूंना म्हणाला, "बाई, माका पण तसाच आसा." पुढच्या रविवारी तो आणखी एकाला घेऊन आला.

मी लग्न होऊन बोरिवलीला गेले. वर्षभराने एका रविवारी दुपारी मुलुंडला त्यांना भेटायला गेले तर दार सताड उघडं होतं. हॉलमधली उंच खोकी गेली होती. जिथं तिथं रांजण, लहान, मोठे, आणि एकेका रांजणाला बिलगून बसलेली पिकल्या केसांची माणसं, कुणी तळवा टेकवून, कुणी गाल. इंजिनियर कोपऱ्यात एकाचा आलेख बघत होता. काका पाटावर पखवाज घेऊन बसले होते. सगळे मागावरचे, सगळे एकमेकांच्या जुन्या ओळखीचे, आणि सगळे एकाच वेळी आपल्याला काय ऐकू आलं ते सांगत होते, हातवारे करत, घसे फाडून.

मध्ये काकू कमरेला पदर खोचून उभ्या. मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. हात वर करून त्या ओरडत होत्या, "अरे, एकेकानं बोला! एकेकानं! हय बहिरा कोण नाय!"